संध्याकाळी सातचा आवाज

लाटंबार्शाला महादेव फिटरच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. डिचोलीहून टेंपो भरभरून माणसं आलेली, आणि पेडण्याची एक वऱ्हाडाची बस तर वाट वाकडी करून आलेली, मुंडावळ्या बांधलेल्या नवरीसकट! कशासाठी? तर मेलेला महादेव बोलतो ते ऐकायला.

तो बोलायचा त्यानं स्वतः बनवलेल्या अँप्लिफायरमधून. ओसरीवर पाट, पाटावर ती पत्र्याची पेटी, पेटीच्या डोक्यावर शेंदरी उजळलेले काचेचे चार व्हॉल्व्ह आणि वर वाशाला बांधलेला कर्णा. देवळातल्या भजनासाठी महादेवनं ती खाणीच्या वर्कशॉपमधल्या भंगारातून तुकडा तुकडा जमवून जोडली होती. देवळातल्या माइकपासून घरापर्यंत माडांवरून लांबलचक तार ओढली होती. फेब्रुवारीत खाणीच्या रस्त्यावर ट्रक उलटला आणि महादेव गेला. पेटी राहिली.

"ये महादेवा, ये!" सगुणबुवा डोळे फिरवत गर्जले. भगवी लुंगी, गळ्यात चार माळा, मनगटावर चकचकीत घड्याळ. "सूक्ष्मातून स्थूलात ये! अग्नीतून काचेत ये! काचेतून कर्ण्यात ये!"

आणि त्यांनी पाटावर काठी आपटली.

खर्रर्र! कर्णा खाकरला. मग दुरून, जणू विहिरीच्या तळातून, एका पुरुषाचा आवाज आला. शब्द धड कळेनात. "...राज्य... मुख्यमंत्र्यांनी..." गर्दीनं हात जोडले.

तो सत्त्याऐंशीचा मे महिना. गोवा राज्य होणार, होणार म्हणून जिथं तिथं तीच बोलणी.

"बुवानू, वर पण मुख्यमंत्री आसता?" मागून कोणीतरी विचारलं.

"असतो. देवांचा," बुवा जराही न अडखळता म्हणाले.

नवरी खुदकन हसली. तिच्या आत्येनं तिला चिमटा काढला.

महादेवची मुलगी क्षमा खांबाशी उभी होती. नुकतीच दहावीला बसलेली. तिला हसू आलं नाही, कारण ती आईकडे बघत होती. आई, प्रभावती, पेटीला कपाळ टेकून बसलेली. आवाज चढला की तिचा चेहरा उजळायचा, बुडाला की विझायचा. मध्येच तिला खोकल्याची उबळ आली. पदर तोंडाशी गेला आणि तिनं तो घाईनं मुठीत चुरगळला. क्षमाला दिसायचं ते दिसलं. लाल.

आईला क्षय होता. डिचोलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्या नऊ महिने, एक दिवस चुकता कामा नये. पण बुवांनी सांगितलं, "त्या इंग्रजी गोळ्यांच्या वासान आत्मो दूर पळता. बंद कर. घरधनी स्पष्ट बोलाक लागतलो." गोळ्या बंद होऊन तीन आठवडे झाले होते.

क्षमानं बुवांना तोंडावर विचारलं होतं, "आत्म्याक नाक आसता?"

"फिटराचा वाह्यात चेडू!" बुवा म्हणाले, आणि पोरगी वाह्यातच म्हणून गावानंही मान डोलावली.

सकाळी घर रिकामं असताना क्षमानं पेटी लावून पाहिली होती. एकदम ठणठणीत! ना खरखर, ना कोणी बोललं. हा असला दोष म्हणजे वात्रट पोर, मास्तर आले की हाताची घडी. बाबा म्हणायचे, "दोष येता आणि जाता. नसताना पेटी उघडलीस तर काय सापडाचा नाय. तो येवंदे. आलो की धर."

म्हणजे तो धरायचा तर सात वाजताच, या सगळ्या गर्दीसमोर. पण दोन गोष्टी तिच्या डोक्यात पक्क्या बसल्या होत्या. बुवा पेटी नेहमी अर्धा तास आधी लावून ठेवायला सांगतात. आणि आवाहन करण्यापूर्वी हळूच घड्याळ बघतात. आत्म्याला बोलवायला घड्याळ कशाला हवं?

दुसऱ्या दिवशी ती दुकानदार गोकुळदासकाकांकडे गेली. "काका, संध्याकाळी तुमचो ट्रान्झिस्टर घेवन येशात? बंद करून. मी सांगीन तेवा लावा."

"बुवा शाप दितलो मगो!"

"माका दितलो. तुमका कित्याक?"

सात वाजले. बुवा गर्जले, काठी आपटली, कर्णा खाकरला, आवाज आला. आईनं कपाळ टेकलं.

"काका, लावा!"

ट्रान्झिस्टर खणखणीत बोलू लागला. पणजी रेडिओच्या बातम्या! ट्रान्झिस्टर म्हणाला "पाणीपुरवठा", कर्णाही घोगरेपणानं म्हणाला "...पुरवठा". ट्रान्झिस्टर थांबला, कर्णा थांबला. मग दोघांनी मिळून डिचोलीच्या बाजाराची बातमी दिली.

"महादेव आता रेडिओवर नोकरीक लागलो काय?" गोकुळदासकाका म्हणाले, आणि पहिल्यांदाच लोक मोठ्यानं हसले.

"आत्मा लहरींतूनच येतो!" बुवा ओरडले. "पेटीला हात लावशील तर जळून जाशील!"

हे मात्र खरं होतं. व्हॉल्व्हच्या पेटीत माणूस मारण्याइतकी वीज असते. म्हणून क्षमानं बाबांनी शिकवलं होतं तेच केलं. डावा हात पाठीमागे घेतला, पेटीचं मागचं झाकण काढलं आणि उजव्या हातात सुक्या बांबूची काडी घेऊन एकेका भागावर हलके टकटक करत गेली. पहिला व्हॉल्व्ह. काही नाही. दुसरा. काही नाही. मग देवळाची तार जिथं आत शिरत होती तिथं तिनं काडी टेकवली.

खर्रर्र! आवाज गेला. काडी उचलली, आवाज आला. टेकवली, गेला.

"बघा," ती म्हणाली. "ह्या तारेवर बारीक जाळी आसता. ती पेटीच्या पत्र्याक घट्ट जोडलेली व्हयी, म्हणजे भायरचा कायएक आत येणा नाय. हो सांधो कुसलो. पेटी गरम झाली की सुटता. सुटलो की देवळापर्यंतची सगळी तार रेडिओची एरियल होता, आणि ह्या कुसक्या सांध्यातून बातम्यो आत शिरतत. बुवानू काठी आपटली की सांधो हलता. बस. म्हणान अर्धो तास गरम करूचा, म्हणान सातच्या बातम्यांसाठी घड्याळ."

लोक वाकून बघू लागले. सांध्यावर हिरवी बुरशीसारखी पूड साठली होती. आणि तो हिरवा रंग बघताच क्षमानं हातातली काडी खाली ठेवली.

कारण तो सांधा तिनंच केला होता.

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी. सोल्डरला लावायची राळ संपली होती, तर हिनं शहाणपणानं कल्हईवाल्याचा नवसागर लावला. भांड्याला चालतो तो, तारेला चालत नाही, तार खातो. बाबांनी बघितलं, हसले आणि म्हणाले, "फाल्यां राळ हाडतां बाये, मगे दोगांय मिळान नीट करुया." तो उद्याचा दिवस आलाच नाही.

"बंद करू नको," आई म्हणाली. अगदी हळू. "क्षमा, आजच्या दिवस नको गो."

क्षमानं आईकडे बघितलं. मुठीतल्या पदराकडे बघितलं. पेटीची वायर उपटली, आतली साठलेली वीज उतरवली, सोल्डरिंग आयर्न तापवलं. हिरवी पूड खरवडताना तिला समोरचं काही दिसत नव्हतं. डोळे पुसून पुसून तिनं काकांनी दुकानातून धावत आणून दिलेली राळ लावून नवा सांधा केला आणि पेटी पुन्हा लावली. अर्धा तास सगळे थांबले. बुवांनी तीनदा काठी आपटली, चौथ्यांदा आपटताना ती मोडली. काकांचा ट्रान्झिस्टर बोलतच होता, पण कर्ण्यातून श्वाससुद्धा आला नाही. मग बुवा म्हणाले की आत्मा रुसला, आणि लोकांनी वाहिलेल्या नारळांची गोणी घेऊन जायला निघाले. गोणी गोकुळदासकाकांनी ठेवून घेतली.

अंगण रिकामं झालं. आई रात्री जेवली नाही.

सकाळी क्षमानं पाण्याचा पेला आणि गोळी पुढं केली. "आये, माका मार. पण ही घे."

आईनं गोळी तळहातावर घेतली.

"तो तेंचो आवाज न्हय, ह्या माका पयल्याच दिसा कळलेला," ती म्हणाली. "अठरा वर्सां ऐकलेलो आवाज माका कळाचो नाय?"

"मगे गोळ्यो कित्याक सोडलंस?"

"इतकी माणसां म्हणत होती. आणि सांजेचा घरात कोणतरी बोलत होता गो."

तिनं गोळी गिळली. क्षमानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि फेब्रुवारीपासून राहिलेलं रडून घेतलं.

वाचणाऱ्यांनो, गेलेलं माणूस तारेतून येत नाही, काचेतून येत नाही, बुवाच्या काठीनं तर नाहीच नाही. कोणी चमत्कार दाखवला तर झाकण उघडून बघा, आणि झाकण उघडू नका असं कोणी म्हणालं तर आधी तेच उघडा. औषध बंद करायला सांगणारा माणूस कितीही गोड बोलला तरी त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. आणि ज्या घरातलं माणूस गेलं आहे तिथं चमत्कार बघायला टेंपो भरून जाऊ नका. एकटे जा, दिवेलागणीला बसा, काहीबाही बोला. त्या तीन आठवड्यांत लाटंबार्शाच्या त्या अंगणात हजारभर माणसं येऊन गेली. आईशी बोललं त्यातलं एकही नाही.