बाबांचे पोहणे

समुद्र ही साऱ्या मानवजातीची सामायिक जबाबदारी आहे. आमच्या कार्यालयाच्या जिन्यात हे वाक्य निळ्या अक्षरांत रंगवलेले आहे. पुढे आग विझवण्याचे नळकांडे बसवताना ‘जबाबदारी’ त्याच्या मागे गेली. उरलेल्या वाक्यावर आम्ही काम चालवतो.

माझे काम किनाऱ्याचे पाणी तपासण्याचे. कमरेइतक्या पाण्यात उभे राहायचे, बाटली उलटी बुडवून भरायची, बर्फात घालून प्रयोगशाळेत आणायची आणि तिच्यात जंतू किती वाढतात ते दुसऱ्या दिवशी बघायचे. धक्क्याजवळचे पाणी लागोपाठ दोनदा नापास झाले होते. तिसऱ्यांदा झाले की तिथे पोहायला बंदी.

तिथे आमचे सासरे पोहायला जातात. निवृत्त झाल्यापासून ते आमच्याकडेच असतात. उजाडताच टॉवेल घेऊन निघतात, ओल्या केसांनी परततात, आणि मधला वेळ घर सुखात असते. एकदा सर्दीमुळे घरी राहिले, तर जेवणापर्यंत त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावून टाकले. मीठ अजून सापडायचे आहे.

“समुद्राचं काय वाट्टेल ते करा,” बायको म्हणाली, “पण बाबांना पाण्यात ठेवा.”

गुन्हेगार कोण, याबद्दल बाबांच्या मनात शंका नव्हती. “ते हॉटेल! डोळ्यांवर पट्टी बांधलीय का, जावईबापू?”

मी हॉटेलचे सांडपाणी तपासले. आमच्या कार्यालयातल्या पिण्याच्या पाण्याने मान खाली घालावी, इतके ते चांगले निघाले. बोटी झाल्या, नाला झाला. कुठेच काही नाही. शिवाय नोंदीबाहेर घेऊन बघितले, तर धक्क्याजवळचे पाणी सकाळी नापास व्हायचे आणि संध्याकाळी पास.

“मग संध्याकाळीच घेत जा की,” साहेब म्हणाले. साहेब उगाच साहेब झालेले नाहीत.

पण बाबा पोहतात सकाळी. एरवी सरकारी सकाळ नऊला होते. दुसऱ्या दिवशी मी सातलाच गेलो. धक्क्यावर बाबा ओल्या केसांनी उभे, हातात शिळ्या पावाची पिशवी. कठड्यावर, दोरांवर, पाण्यावर कुरव पक्षी सभेला बोलावल्यासारखे जमलेले. खाऊन झाले की ते धक्क्याच्या कडेला रांगेने बसत आणि पाण्यात मोकळे होत.

“बाबा, हे रोज चालतं?”

“मग! माझं झालं की यांचा नाश्ता. मुकी बिचारी.”

मुक्यांच्या ओरडण्यात मला त्यांना सगळे दोनदा समजावून सांगावे लागले. बाबांचा चेहरा पडला.

“म्हणजे मी आणि ते हॉटेल एकाच पंगतीत?”

“हॉटेल कधीच उठलं, बाबा. पंगतीत तुम्ही एकटेच आहात.”

कार्यालयात वेगळीच अडचण निघाली. आमच्याकडे फक्त मानवी कृतींचे परिणाम तपासतात.

“पक्ष्यांची घाण मानवी कशी?” साहेब म्हणाले. “वनखात्याकडे पाठवून द्या.”

“पाव मानवी आहे, साहेब.”

“कुणाचा?”

“सासऱ्यांचा.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “बंदी आली तर दिवसभर घरी असतील?”

“दिवसभर.”

“माझेही असतात,” साहेब हळूच म्हणाले, आणि पाव बंद करून पाणी पुन्हा तपासायला त्यांनी आठवडा दिला.

पाव बंद झाला. कुरव दोन-चार दिवस बाबांकडे रागाने बघत बसले, मग उठून हॉटेलच्या गच्चीवर गेले. बाबांना ते बघून फार बरे वाटले. तिसऱ्या वेळचे पाणी पास झाले, बंदी टळली, आणि बायकोने मला न मागता चहा दिला.

ते पाणी घ्यायला गेलो, तेव्हा बाबा शेजारीच कमरेइतक्या पाण्यात उभे होते. मी बाटली भरली, झाकण लावले, तरी ते तसेच उभे. मला वाटले, माझ्यामुळे खोळंबलेत.

“पोहा ना, बाबा. माझं झालं.”

“पोहायला येतंय कुणाला?” बाबा म्हणाले.