पाचवा ‘का’

विमलबाई चारचौघांत बोलतात, ही बातमी ज्योतीरामांना कळली ती फरीदाच्या शिलाईच्या दुकानात. पँटची उंची कमी करायला गेले होते बिचारे.

“भाऊ, गेल्या गुरुवारी वाचनालयात विमलताईंनी काय मुद्दा मांडला हो! सगळे गारच झाले.”

“कोणत्या विमलताई?”

“कोणत्या म्हणजे? तुमच्या!”

आता बघा, एकतीस वर्षं संसार केलेला माणूस. लातूरकडून आला, महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात चिकटला, दिघीत दोन खोल्या बांधल्या, गेल्या वर्षी रिटायर झाला. एवढ्या काळात बायकोच्या तोंडून त्यांनी मुख्यतः एकच वाक्य ऐकलेलं, “बरोबर हाय तुमचं.” पोरीला कुठल्या शाळेत घालायचं, भिंतीला रंग कोणता, आमटीत मीठ किती, ज्योतीराम सांगायचे आणि विमलबाई म्हणायच्या, बरोबर हाय तुमचं. आमच्या घरात भांडण म्हणून माहीत नाही, असं ते मित्रांना छाती फुगवून सांगायचे. आणि ही बाई वाचनालयात जाऊन मुद्दे मांडते?

वाईट वाटलं त्यांना, खोटं कशाला बोला. जे परक्यांना ऐकायला मिळतं ते आपल्याला का नाही? बायको काय बोलते ते ऐकायचंच, असं ठरवून पुढच्या गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते स्वतः सभासद झाले.

वाचनालय पिठाच्या गिरणीच्या वर. कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, म्हणून वाचकांचा गटही गुरुवारीच जमायचा. कधी पुस्तकावर बोलायचं, कधी सिनेमा बघून बोलायचं. ग्रंथपाल नेहा सगळं सांभाळायची.

झालं भलतंच. नवरा दारातून आत आला आणि विमलबाईंचं तोंड जे मिटलं ते मिटलंच. मग ती शांतता ज्योतीरामांनी भरून काढली. पहिल्या गुरुवारी एका कादंबरीवर वीस मिनिटं बोलले. दुसऱ्या गुरुवारी छपाईच्या नऊ चुका शोधून त्यांची यादी नेहाच्या हातात दिली. सवय हो! माल तपासण्यात जन्म गेलेला.

त्या दिवशी फरीदानं त्यांना जिन्यात गाठलं. “भाऊ, राग मानू नका. तुम्ही आल्यापासून ताई गप्प झाल्यात. आणखी एक गुरुवार बघते आणि सोडते म्हणाल्या. म्हणाल्या, माझी एक जागा होती, तीबी गेली.”

तीबी गेली. हे ऐकून ज्योतीरामांना जेवण गेलं नाही. माणूस दुष्ट नव्हता हो, फक्त बडबड्या होता. विमलला बोलतं करायचंच, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पण कसं करायचं? स्वतः बोलण्याखेरीज दुसरा उपाय त्यांना येत होता कुठं?

तिसऱ्या गुरुवारी सिनेमा होता. खेड्यातली एक मध्यमवयीन बाई. नवरा चांगला, मारत नाही, पीत नाही. एक दिवस ती चूल विझवते, पिशवी भरते आणि एसटी स्टँडवर येऊन बसते. गाडी येते. बाई पायरीवर पाय ठेवते आणि फट्! लाईट गेली. गुरुवार म्हणजे दुरुस्तीचा वार, लाईट जायचीच.

नेहानं खिडक्या उघडल्या. “चला, शेवट न बघताच बोलू. ही बाई परत येईल?”

विमलबाई पदराशी चाळा करत बसल्या होत्या. ज्योतीरामांना राहवेना. ते उठले, मार्कर घेतला आणि फळ्यावर एकाखाली एक पाच वेळा ‘का’ लिहिलं.

“कंपनीत आम्ही असंच करायचो. माल बिघडला की पाच वेळा का विचारायचं. पहिलं उत्तर वरवरचं असतं, खरं कारण पाचव्याला सापडतं. आणि कुणा माणसाचं नाव घ्यायचं नाही, चूक पद्धतीची असते. हां, सांगा. बाई घर सोडून का निघाली?”

“कंटाळली,” फरीदा म्हणाली.

“का कंटाळली?”

“घरात बोलायला कुणी नाही,” नेहा म्हणाली.

“नवरा आहे की चांगला! मग बोलायला कुणी नाही असं का?”

“नवरा बोलतो. ऐकत न्हाई.”

आवाज विमलबाईंचा होता. ज्योतीरामांचा मार्कर फळ्यावर जागच्या जागी थांबला.

“का ऐकत नाही?” त्यांनी हळूच विचारलं.

“त्याला उत्तर आधीच ठावं असतंय.”

पाचवा ‘का’ उरला होता. तो विचारू नये असं ज्योतीरामांना फार वाटलं. पण चौथ्यावर थांबणाऱ्या पोरांना त्यांनी आयुष्यभर झापलं होतं.

“त्याला... आधीच ठावं आहे असं का वाटतं?”

विमलबाईंनी मान वर केली आणि सरळ नवऱ्याकडं बघितलं. “कारण ती दर खेपेला म्हणत आली, बरोबर हाय तुमचं.”

खोलीत एकट्या फरीदाला त्याचा अर्थ कळला, तिनं नजर खाली घातली. ज्योतीराम खुर्चीत बसले. एकतीस वर्षं जे वाक्य त्यांनी न तपासता पास केलं होतं, ते आज त्यांच्या हातात परत आलं होतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

घरी जाताना दोघं दूध डेअरीपर्यंत आले. सतरा वाक्यं ज्योतीरामांच्या ओठांवर येऊन परत गेली. शेवटी त्यांनी एकच बाहेर काढलं.

“विमल, ती तुझी जागा आहे. पुढच्या गुरुवारपासून मी येत नाही.”

आणि ते सवयीनं त्या तीन शब्दांची वाट बघू लागले.

विमलबाई थांबल्या. “चूक हाय तुमचं.”

“काय?”

“चूक हाय म्हनलं. यायचं. मार्कर नेहाजवळ ठेवायचा आन् माझ्या शेजारी बसायचं.”

“का?” ज्योतीरामांनी विचारलं.

आणि डेअरीसमोर, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के खात, ते उत्तर ऐकायला गप्प उभे राहिले.