चूक क्रमांक बेचाळीस

बाईंनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, आवाज वाढवला आणि मांडीवरच्या वहीत फूटपट्टीने पाच रकाने आखले. क्रमांक, तारीख, विधान, वस्तुस्थिती, शेरा. छत्तीस वर्षं शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या हाताची रेघ पलंगाच्या कडेवर बसूनही वाकडी जात नव्हती.

तिकडे चर्चमध्ये दुसरा फोन व्यासपीठाजवळ ठेवलेला होता. अंथरुणाला खिळलेल्यांना घरबसल्या उपदेश ऐकता यावा म्हणून केलेली ही सोय. आधी खरखर, मग कुणाचा तरी खोकला, बाक सरकल्याचा आवाज, आणि मग पाळकसाहेबांचा गळा.

"सृष्टीकडून विश्वासाचे धडे. आजचा धडा, गरुड."

"आले एकदाचे गरुडावर," बाई म्हणाल्या. "मी वाटच बघत होते."

पलंगावर त्यांचे पती डोळे मिटून पडले होते. आयुष्यभर टपाल कचेरीत काढल्यामुळे घराबाहेर सगळे त्यांना पोस्टमास्तर म्हणत. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. तेव्हापासून त्यांचं बोलणं दिवसाला चार शब्दांवर आलं होतं. पाणी, खिडकी, उशी, बास. एरवी रविवारी त्यांच्यापाशी त्यांना सांभाळायला ठेवलेल्या मावशी बसायच्या आणि बाई चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर, पाळकसाहेबांच्या नजरेत बरोबर येतील अशा बसायच्या, घरातला एकुलता फोन पिशवीत घेऊन. आज मावशींना उशीर होणार होता, म्हणून बाई घरी. पण वहीला सुट्टी नव्हती.

ही धड्यांची मालिका आठ महिने चालली होती. मंडळी खूश होती. लोकांना झाडापाखरांच्या गोष्टी आवडतात, त्यातून झाडं आणि पाखरं वजा केलेली असली तर जास्तच. पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी सूर्यफुलाला दिवसभर सूर्याच्या मागे फिरवलं. "तसं आपणही प्रभूकडे तोंड करून राहावं," म्हणाले. बाईंनी त्याच संध्याकाळी नवी वही काढली. वस्तुस्थिती : कळी फिरते, उमललेलं फूल पूर्वेकडे तोंड करून स्थिर राहतं. शेरा : ह्या हिशोबाने प्रौढ भाविकाने वळण्याचं कारण नाही. हीच चूक पोस्टमास्तरांनी लग्नानंतर आठव्या दिवशी, एका शेताच्या बांधावर उभं राहून केली होती. अडाण्यांचं एकमत किती लवकर होतं, असं बाईंना तेव्हा वाटलं होतं.

मग बांबू आला. पाच वर्षं मातीखाली गुपचूप वाढणारा आणि सहाव्या वर्षी एकदम आभाळाला भिडणारा. मग भुंगा आला. शास्त्राप्रमाणे त्याला उडताच येत नाही, पण हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून तो विश्वासाने उडतो. शेरा : पाळकसाहेबांनाही कुणी काही सांगितलेलं दिसत नाही. अशा चाळीस नोंदी झाल्या होत्या.

वहीचा उपयोगही ठरला होता. पाळकसाहेबांची उमेदवारीची तीन वर्षं संपत आली होती. त्यांना कायम करायचं की दुसरा माणूस बघायचा, हे आज दुपारी पंच कमिटीत ठरणार होतं. बाई तिच्या सभासद होत्या. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे बाईंचे धाकटे दीर. लाकडाचे व्यापारी. झाड आडवं झालं की मगच त्यांना ते कळायचं. त्यांच्या व्याह्यांच्या नात्यात एक पाळक रिकामे होते, त्यामुळे बाईंच्या वहीबद्दल त्यांना अचानक आदर वाटू लागला होता.

"वहिनी, तुम्ही फक्त वाचून दाखवा," काल ते सांगून गेले होते. "बाकीचं मी बघतो. शिकलेल्या माणसाने सांगितलं की लोक ऐकतात."

फोनवर गरुड आता म्हातारा झाला होता.

"चाळिसाव्या वर्षी त्याची चोच वाकते, नखं बोथट होतात, पिसं जड होतात. मग तो उंच कड्यावर जातो आणि आपली चोच खडकावर..."

"आपटतो," पलंगावरून आवाज आला.

"आपटतो," फोन म्हणाला.

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी मान वर केली. पोस्टमास्तरांचे डोळे मिटलेलेच होते, पण तोंडाची डावी बाजू, जेवढी हलत होती तेवढी, हलत होती.

"आपटून आपटून तोडून टाकतो. नवी चोच येईपर्यंत तिथेच बसून राहतो. किती दिवस? एक नाही, दोन नाही..."

पोस्टमास्तरांचे ओठ फोनच्याही पुढे निघून गेले होते. दीडशे, ते म्हणाले.

"दीडशे दिवस," फोन म्हणाला.

चर्चमध्ये कुणीतरी हळहळल्याचा आवाज आला. पोस्टमास्तरांच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू आलं. ते हसू बाईंच्या ओळखीचं होतं. बांधावर उभं राहून सूर्यफुलाकडे बोट दाखवताना तेच होतं. मग बाईंनी त्यांना कळीतला आणि फुलातला फरक समजावून सांगितला होता. पुढेही सांगत राहिल्या होत्या, पिंपळाबद्दल, मुंग्यांबद्दल, चंद्राला पडणाऱ्या खळ्याबद्दल. पाचेक वर्षांत पोस्टमास्तरांनी असं काही बोलणं सोडून दिलं. माणूस सुधारला, असं बाईंनी धरलं होतं.

मावशी आल्या तेव्हा बाई वही मिटून बसल्या होत्या.

"मावशी, गुरुवारी पाळकसाहेब येतात, तेव्हा काय बोलतात हो?"

"पाळकसाहेब? ते कुठं बोलतात. ते वहीत लिहून घेतात. बोलतात ते आपले साहेब."

"हे?"

"एकेका शब्दाला वेळ लागतो, पण सोडत नाहीत. दीड तास. मागच्या खेपेला गरुड पंख कसे उपटतो ते सांगताना उशीच उपटायला लागले." मावशी हसल्या, मग बाईंच्या तोंडाकडे बघून थांबल्या. "तुम्ही नसता ना गुरुवारी."

नसायच्याच. पाळकसाहेबांचं तोंड बघावं लागू नये म्हणून बाई गुरुवारची सगळी बाहेरची कामं काढून ठेवायच्या.

चर्चच्या आवारात पाळकसाहेब एकटेच नळाखाली फुलदाण्या धूत होते. पस्तिशीचे, बारीक, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या. बाईंना बघून त्यांनी नळ बंद केला. फळ्यापाशी बोलावलेला विद्यार्थी जसा उभा राहतो, तसे ते उभे राहिले.

"गरुडाची गोष्ट कुठून आणलीत?" बाईंनी विचारलं.

"वाचनात आली होती."

"कुठल्या पुस्तकात?"

"आता नाव लक्षात नाही, बाई."

खोटंसुद्धा धड बोलता येत नाही ह्याला, बाईंच्या मनात आलं. "चोच तोडलेला गरुड आठवड्याभरात उपाशी मरेल. माहीत आहे?"

पाळकसाहेबांनी ओले हात सदऱ्याला पुसले. "आहे."

"कधीपासून?"

"बांबूनंतर शंका आली. मग शोधून बघितलं."

"आणि तरी तीस आठवडे..."

"एकतीस," पाळकसाहेब म्हणाले. "बाई, दर गुरुवारी मला पहिला प्रश्न एकच असतो. लोक हसले का? कुठे हसले? मग मी सांगतो." त्यांनी एक फुलदाणी उपडी घातली. "तुमच्या वहीबद्दल मला माहीत आहे. तुम्ही वाचा. त्यातलं काहीच खोटं नसणार."

ह्यावर बाईंना पाळकसाहेबांचा आणखीच राग आला.

कमिटीच्या खोलीत सात खुर्च्या आणि एक पंखा होता. पंखा अध्यक्षांच्या डोक्यावर. दिरांनी घसा साफ केला, व्यासपीठाचं पावित्र्य, सत्य, तरुण पिढी ह्यांचा उल्लेख उरकला आणि बाईंकडे हात केला.

"आता वहिनी काही नोंदी वाचून दाखवतील."

"वही घरी राहिली," बाई म्हणाल्या.

वहीचा लाल कोपरा त्यांच्या पिशवीतून बोटभर बाहेर आला होता. दिरांनी तो बघितला. दिरांनी बघितल्याचं बाईंनी बघितलं.

"मग तोंडी सांगा. चाळीस चुका आहेत म्हणालात ना?"

"पुराव्याशिवाय मी काही सांगत नाही, भाऊजी. छत्तीस वर्षांची सवय आहे."

"अहो, पण निदान तुमचं मत..."

"मत कसलं. उपदेश हा माझा विषय नाही." बाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि कोपरा आत ढकलला. "तुमचाही नाही. तुमच्या व्याह्यांचा असेल तर त्यांना बोलवा."

कुणीतरी खोकलं. खजिनदारांनी एकदम छताकडे बघितलं. दहा मिनिटांत पाळकसाहेब कायम झाले, चार विरुद्ध दोन. बाईंचा हात दोन्ही वेळा खाली होता.

त्या रात्री भरवताना पोस्टमास्तरांनी डावा हात वर करून चमचा थांबवला.

"उपदेश," ते म्हणाले. "कसा..."

दिवसाच्या चार शब्दांबाहेरचे हे दोन होते. बाईंनी त्यांच्या हनुवटीवरची पेज टिपली. गरुडाची चोच नखांसारखी सतत वाढते, ती तोडावी लागत नाही, हे वाक्य कर्त्या-कर्मासकट त्यांच्या जिभेवर तयार होतं.

"लोक ऐकत होते," त्या म्हणाल्या. "तोंड उघडा."

बुधवारी बाईंनी कपाटावरून पक्ष्यांचा जाडजूड ग्रंथ काढला, धूळ झटकली आणि धनेश पक्ष्याच्या पानावर खूण घालून तो पलंगाशेजारच्या तिवईवर, डाव्या हाताला पोचेल असा ठेवला. का, ते सांगितलं नाही. मनाशी त्यांनी एवढंच म्हटलं की गोष्टी सांगायच्याच असतील तर निदान खऱ्या सांगाव्यात. गुरुवारी नेहमीप्रमाणे त्या बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा खूण पुढच्या पानावर होती.

रविवारी त्या तिसऱ्या बाकावर होत्या. समोरच्या फळीवर त्यांचा स्वतःचा फोन, तांब्याऐवजी बायबलला टेकवलेला, आणि दुसऱ्या टोकाला मावशींच्या फोनपाशी पोस्टमास्तर.

"आजचा धडा, धनेश," पाळकसाहेब म्हणाले आणि बाईंच्या नजरेला नजर न देता कागदाकडे बघू लागले. "अंडी घालायची वेळ आली की हा पक्षी झाडाच्या ढोलीत शिरतो आणि तोंड लिंपून घेतो. बाहेर पडता येत नाही. राहते ती एक फट. आत कोंडलेला असतो तो नर."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. समोर मांडून ठेवलेलं पानसुद्धा ह्या माणसाला वाचता येऊ नये. आत मादी असते. बाहेरून आणतो तो नर. आठवीच्या मुलाला कळेल अशा भाषेत छापलेलं होतं, वर चित्रही होतं. एकेचाळीस नंबरला गरुड राहिला होता, तो त्यांनी आधी भरला. मग बेचाळीस लिहिलं, तारीख लिहिली.

"आणि मादी येत राहते. दिवसातून कितीतरी वेळा. ऊन असो, वारा असो. फटीतून त्याला भरवते. ती फारसं बोलत नाही." पाळकसाहेबांनी कागद जवळ धरला. "कारण तिची चोच भरलेली असते."

मंडळी हसली. बाईंनी फोनकडे बघितलं. तो हसण्याच्या दिशेला तोंड करून उभा होता.

"आतल्याला झाड दिसत नाही, आभाळ दिसत नाही. त्या फटीएवढंच जग उरलेलं असतं. त्या जगात एकच गोष्ट दिसते. ती आली, की दिसते." पुढचं वाक्य पाळकसाहेबांनी कागद खाली ठेवून म्हटलं. "तिला वाटतं, आपण नुसतं भरवतो."

मग ते विश्वासाकडे वळले, फटीपाशी वाट बघण्याबद्दल बोलू लागले. नेहमीचंच, दुबळं. बाईंनी त्यातलं काही ऐकलं नाही. विधानाच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : नर आत. मादी रोज भरवते.

वस्तुस्थितीच्या रकान्यावर पेन बराच वेळ तसंच राहिलं. शाईचा एक ठिपका उमटला. शेजारच्या बाईंनी वाकून बघितलं, तशी त्यांनी तळहाताने पान झाकलं.

हात काढला तेव्हा उपदेश संपून लोक उभे राहत होते. बाईंनी बसूनच लिहिलं, "विधानाप्रमाणे." त्याखाली, सवयीने, एक बारीक बरोबरची खूण केली आणि फोन उचलून कानाला लावला.