पत्राआडची चिठ्ठी

आमच्या जपान मैत्री मंडळाचा मी अठरा वर्षं अध्यक्ष होतो आणि त्यातली सतरा वर्षं मला जपानी येत नव्हतं. अठराव्या वर्षीही येत नव्हतं, पण तोवर ते सगळ्यांना कळलं होतं.

अध्यक्ष कसा झालो म्हणाल, तर खोली माझी होती. खाली माझं चष्म्यांचं दुकान, वर रिकामी खोली. आमचे चिटणीस म्हणजे पलीकडच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर. त्यांना जपानी पुष्परचनेचं वेड, पण जागा नाही. त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही चढलो. उद्घाटनाला जपानी पद्धतीने गुडघे मुडपून तासभर बसलो, तो उजवा गुडघा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. त्यांच्या लिपीची पहिली शेहेचाळीस अक्षरं शिकायला घेतली. तीस झाली. उरलेली सोळा सवडीने करू म्हटलं. तरी सभासद मला सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणायचे. आता खरं सांगायचं तर तसं म्हणायला मीच त्यांना शिकवलं होतं.

मंडळाचं मुख्य काम म्हणजे पत्रं. जपानमधल्या एका लहान गावात आमच्यासारखंच एक मंडळ होतं आणि एक निवृत्त शिक्षिका त्याच्या अध्यक्षा होत्या. दर दोन महिन्यांनी इकडून पत्र जायचं, तिकडून यायचं. माझं अक्षर मलाच लागत नाही. बायकोचं मात्र सुरेख. दुकानातल्या काचांच्या पाकिटांवर नंबर तीच घालते. म्हणून मी मराठीत सांगायचो आणि ती शब्दकोश घेऊन जपानीत उतरवायची.

"लिही, मंडळाची घोडदौड सुरू आहे."

"हं," ती म्हणायची.

उत्तर आलं की त्याचं मराठी तीच पेन्सिलीने एका चिठ्ठीवर करून द्यायची. शनिवारी सभेत मी जपानी पत्र हातात धरायचो, त्याच्याआड चिठ्ठी. मधेच थांबून, कपाळाला आठ्या घालून म्हणायचो, "इथे भाव जरा सूक्ष्म आहे हं!" टाळ्या पडायच्या. बायको मागच्या बाकावर, कपबशांजवळ बसलेली असायची. तिला जपानी येतं असं मला कधी वाटलंच नाही. ती आपली फक्त वाचायची, लिहायची आणि समजून घ्यायची.

गेल्या वर्षी एका शनिवारी असंच पत्र आलं होतं. चिठ्ठी आधी वाचून ठेवायची माझी पद्धत नव्हती, कारण मग अडखळणं खोटं वाटतं. खोली भरलेली होती. मी घसा साफ करून पत्र उघडलं आणि चिठ्ठीवर नजर टाकली.

'प्रिय मैत्रिणी,' तिथे लिहिलं होतं, 'आमच्या मंडळाला पंचवीस वर्षं होतायत. तुमच्यातल्या एकालाच बोलावणं शक्य आहे आणि ती तूच असावीस. अठरा वर्षं तुझी पत्रं वाचतेय, आता तुझं बोलणं ऐकायचंय. तीन आठवडे माझ्याच घरी राहा. तुझ्या यजमानांचा गुडघा कसा आहे? सभेत अजून अडखळल्याचं नाटक करतात का?'

माझी दातखीळ बसली. दातांचे डॉक्टर समोरच बसले होते, पण त्यांचा काही उपयोग नव्हता.

मान वर केली. एरवी या वेळेला बायको कपबशा मांडत असते. आज ती हात मांडीवर ठेवून माझ्याकडेच बघत होती. म्हणजे हे चुकून झालेलं नव्हतं. इतकी वर्षं माझ्यापुरतं तेवढं ती वेगळं काढून देत होती आणि आज तिने काहीच गाळलं नव्हतं. शहाण्या माणसाने तिथेच कबूल केलं असतं. मी वाचलं, "प्रिय अध्यक्षमहोदय, आपल्याला तीन आठवड्यांचं निमंत्रण देताना..."

काय तो टाळ्यांचा कडकडाट! डॉक्टरांनी स्वतःची प्रवासाची बॅग देऊ केली. मी नको नको म्हणत घेतली.

घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "छान वाचलंत." नंतर दोन दिवस दुकानातल्या पाकिटांवर नंबर पडले, पण घरात शब्द नाही. तिसऱ्या दिवशी तिने निमंत्रणासोबत आलेला अर्ज माझ्यापुढे काउंटरवर ठेवला. त्यात जाणाऱ्याचं नाव भरायचं होतं आणि खाली अध्यक्षांची सही.

"मला जायचंय," ती म्हणाली. "आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही. आणि हेही तुमचं नाही, माझंच आहे."

मी भडकलो. चूक आपली असली की मला राग लवकर येतो. "आणि सभेत काय तोंड दाखवू? काय सांगू लोकांना?"

"जे आहे ते."

"असं काय लिहीत होतीस गं तिला अठरा वर्षं?"

तिने आतून चष्म्याच्या फ्रेमचं एक जुनं खोकं आणलं. आत पत्रांचे कच्चे खर्डे, तारखेप्रमाणे लावलेले. मी एक उचलला, दुसरा उचलला. माझी तीस अक्षरं मधेमधे ओळखीची दिसत होती, पण एक वाक्य लागेल तर शपथ! माझ्याच दुकानात, माझ्याच कपाटात, माझ्याच बायकोच्या हातचं, आणि मी मंडळाचा अध्यक्ष.

"वाचून दाखव," मी म्हटलं.

तिने एक कागद घेतला आणि त्याचं मराठी करत सावकाश वाचलं. "'आज यांनी वार्षिक सभेचा अहवाल कळवायला सांगितलाय. तो मी सोडून देते. आई जाऊन महिना झाला. घरात सगळे चहा झाला का विचारतात. मी कशी आहे ते कुणी विचारत नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय.'"

त्या वर्षीचा अहवाल मला पाठ होता. सासूबाई गेल्या तो महिना कोणता, ते काही केल्या आठवेना. मला माझीच शिसारी आली.

"मला का नाही बोललीस?"

"तुम्ही सांगत होतात, मी लिहीत होते. मधे बोलायला जागा कुठे होती?"

मी पेन घेतलं, अर्जावर तिचं नाव घातलं आणि सही केली. माझ्या घाणेरड्या अक्षरामुळे तिने नाव पुन्हा नीट लिहिलं.

शनिवारी सभेत डॉक्टरांची बॅग शेजारी ठेवून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पत्रं, चिठ्ठी, सोळा अक्षरं, सगळं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "म्हणजे ते सूक्ष्म भाव?"

"तुमच्या वहिनींचे."

डॉक्टरांनी उठून बॅग माझ्याकडून घेतली आणि मागच्या बाकापाशी नेऊन ठेवली.

ती गेली. आठवड्याभरात तिचं पत्र आलं, माझ्या नावाने. पानभर जपानी, सोबत चिठ्ठी नाही. डॉक्टर म्हणाले, मंडळाने आता सुरू केलेल्या जपानीच्या वर्गाला शिकवायला येणारी मुलगी दोन मिनिटांत वाचून देईल. खबरदार, म्हटलं, पत्र माझं आहे. त्या दिवसापासून वर्गात पहिल्या बाकावर बसतो. कपबशाही मीच विसळतो, त्याला अक्षरं लागत नाहीत. उरलेली सोळा पाच दिवसांत झाली. मग कळलं की त्यापुढे चित्रांसारखी आणखी दोन हजार आहेत. अठरा वर्षं अध्यक्ष असून हे मला कुणी बोललं नव्हतं! पहिल्या ओळीत माझ्या गुडघ्याची चौकशी होती, ती लागली तेव्हा मी दुकान अर्धा तास बंद ठेवलं.

तीन आठवड्यांनी ती परत आली. बॅग दारातच ठेवून तिने विचारलं, "माझं पत्र वाचलंत?"

"चौथ्या ओळीवर आहे," मी म्हटलं. "पुढचं सांगू नकोस. तू कशी आहेस?"