चौदावी चिठ्ठी

चिठ्ठीच्या कोपऱ्यावर चुन्याचा डाग होता, बोटाएवढा... आणि बोट त्याचंच असणार, कारण नऊ दिवसांपूर्वी बायको एर्लिंदा गेली तेव्हा तिला जिथे निजवलं होतं तिथल्या फरशीवर फिदेन्सियोने स्वतःच्या हाताने चुन्याचा क्रूस काढला होता, आणि त्याच चुन्याच्या हाताने तिच्या कपाटातला दोऱ्याने बांधलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा क्रूसाच्या पायाशी ठेवला होता. प्रार्थना असतील, असं त्याला वाटलं. जन्मभर भिंतींना चुना लावला, वाचायला कुठे शिकलो? जपाला जमलेल्या बायकांनीही दोरा सोडला नाही. नऊ दिवस त्या गठ्ठ्यापुढे बसून जपमाळ ओढली.

आज दुपारी नेरेइदा आली, एर्लिंदाच्या इंग्रजीच्या वर्गातली जुनी विद्यार्थिनी. तिने दोरा सोडला.

"काका, या प्रार्थना नाहीत. हे बाईंचं क्रियापद आहे."

"एवढं सगळं?"

"एकच. इंग्रजीतलं 'गेट'. इंग्रजांना एक पुरतं, आपल्याला त्याच्यासाठी वीस लागतात. मिळणं, होणं, समजणं, आणून देणं, पोहोचणं... प्रत्येकाची एक चिठ्ठी. सोमवारपासून बाईंचा वर्ग मी घेणार आहे. मला द्याल?"

शेजारची चोले स्वयंपाकघरातून तामालेसाठी मळलेलं मक्याचं पीठ माखल्या हातांनी बाहेर आली. नऊ दिवस झाले की क्रूसाचा चुना झाडून पेटीत भरतात आणि थडग्यात नेऊन ठेवतात; तो क्रूस उचलायचा मान तिचा होता.

"क्रूसापाशी ठेवलं ते क्रूसाबरोबर थडग्यात जातं, भावजी. नऊ दिवस क्रियापदापुढे गुडघे झिजवले आम्ही. मी तर गुडघ्यांचंच मागणं घातलं त्याला."

"गुण आला का?" नेरेइदाने विचारलं.

"थोडा आलाय," चोले म्हणाली आणि आत गेली.

"आधी वाच," फिदेन्सियो म्हणाला.

नेरेइदा वाचत गेली. फिदेन्सियोला मठाच्या भिंतीचं काम मिळालं. फिदेन्सियो ओला झाला. फिदेन्सियोला विनोद उशिरा समजतो. मला पाणी आणून दे, फिदेन्सियो... तो ऐकत राहिला. तिच्या चिठ्ठ्यांत आपण इतके होतो? घरात तर ती कधी काही बोलली नाही. आणि इथे आपला ओला सदरासुद्धा तिने जपून ठेवलेला.

"चौदावी. पोहोचणे. तो घरी पोहोचला, पाचव्या दिवशी." नेरेइदा हसली. "ही तर अजून तोंडपाठ आहे. सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा. बायबलमधलं वाक्य असेल, असं वाटायचं आम्हाला."

इथे त्याचं नाव नव्हतं.

एकतीस वर्षांपूर्वी तो तेवाकानला कामासाठी म्हणून गेला होता. काम एका दिवसाचं होतं, उरलेले दिवस एका बाईकडे... पाचव्या दिवशी भर दुपारी तो दारात उभा राहिला, गाडी बिघडली म्हणाला, आणि एर्लिंदा म्हणाली, हात धू, घेवडा गरम आहे. पुढे एक शब्द नाही. तिला कळलं की नाही, हे तिच्या चेहऱ्यावर शोधत तो म्हातारा झाला. अगदी शेवटच्या सकाळीही, तिचा हात हातात घेऊन, तो तेच शोधत होता.

नेरेइदाला गठ्ठा दिला तर वर्ग पुन्हा हेच म्हणेल. थडग्यात ठेवला तर कोणीच म्हणणार नाही.

चोले नवा झाडू आणि लाकडी पेटी घेऊन क्रूसापाशी आली. "भावजी, उचलायचा?"

"थांब जरा." तो नेरेइदाकडे वळला. "वर्गात म्हणायचात तसं म्हण."

"इंग्रजीत?"

"इंग्रजीत."

तिने सूर लावला, आणि त्याने तो ओळखला — दर वर्षी भिंतीपलीकडच्या ओसरीवरून यायचा तो. भिंतीच्या या बाजूला तो खड्ड्यात चुना विरवत उभा असायचा, आणि त्या ठेक्यावर त्याच्या हातातलं फावडं फिरायचं, न कळता. किती मुलं शिकून गेली. एर्लिंदा समोर उभी राहून त्यांच्याकडून म्हणून घ्यायची, मोठ्याने, पुन्हा पुन्हा... पाच दिवस दूर राहिल्याचं वाक्य तिने केलं नव्हतं. घरी पोहोचण्याचं केलं होतं.

"अजून एकदा," तो म्हणाला. त्याचे ओठ हलू लागले. चोलेने झाडू भिंतीला टेकवला. फिदेन्सियो आपल्याच घराच्या उंबऱ्याकडे पाहत होता, आताच दुपारच्या उन्हातून आल्यासारखा, हात अजून न धुतलेला.