अजून ओलसर

रमणीने टाक्यांवरचं मऊ फडकं उचललं, वाकून नीट न्याहाळलं आणि रोजच्यासारखी मान हलवली.

"अजून ओलसर आहे गं."

अश्वतीने डोळे मिटून घेतले. सिझेरियनची ती जागा तिला स्वतःला दिसत नव्हती. सुटलेल्या पोटाची घडी आड यायची आणि हात लावायला आईची सक्त मनाई होती. जखम वाळेपर्यंत औषधी पाला उकळलेल्या पाण्याची आंघोळ नाही, आणि त्या आंघोळी झाल्याशिवाय बाळंतिणीला सासरी धाडायची पद्धत नाही. न्हाऊ घालणारी कल्याणी दोनदा येऊन परत गेली होती. आज तर सासूच विचारायला येणार होती.

"मग दवाखान्यात दाखवू या ना, अम्मा. आत काही सडत असेल तर?"

"भलतंसलतं बोलू नकोस. घाई काय आहे?"

रमणी दुपटी धुवायला कालव्यावर गेली. अश्वती भिंतीला धरून उठली. वडील गेले तरी त्यांचा दाढीचा आरसा खिडकीत तसाच होता. तो तिने पोटाखाली धरला.

एक बारीक तपकिरी रेघ. कोरडी ठणठणीत. खपलीसुद्धा केव्हाच गळून गेलेली.

आधी तिला सुटल्यासारखं रडू आलं. मग संताप आला. बाळाला पोटाशी धरायचीही तिला भीती वाटत होती, नवऱ्याशी फोनवर बोलताना ती मरणाचा विचार करत होती, आणि इकडे आई रोज खोटं बोलत होती.

रमणी ओली दुपटी घेऊन आत आली. लेकीच्या हातातला आरसा पाहून दारातच थांबली.

"अम्मा, कधीची वाळलीय ही?"

रमणीने दुपटी दोरीवर टाकली, एकेक झटकून सरळ केली.

"तुम्ही दोघी गेल्यावर या घरात मी पाणी तरी कुणासाठी तापवू?"

मग बाळाची झबली घडी करून रमणीने पिशवीत भरायला घेतली.

दुपारच्या होडीने सासू चंद्रमती आली. केळ्याचे काप पुढे ठेवून तिने नातीला मांडीवर घेतलं.

"ही बघा, माझ्याच नाकाची! बरं विहीणबाई, जखमेचं काय म्हणता? आमचा मुलगा रोज डोकं खातो माझं."

"वाळलीय," रमणी जमिनीकडे बघत म्हणाली. "चांगली वाळलीय. उद्यापासून कल्याणीला बोलावते. आंघोळी झाल्या की घेऊन जा."

"नाही हो," अश्वती म्हणाली. "एका कोपऱ्यात ओल आहे अजून. अम्माला नीट दिसत नाही हल्ली."

चंद्रमतीने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

"मग कशाला उगाच जोखीम? ओणम होऊ दे. इथंच राहा."

"चहा टाकते," म्हणत रमणी आत गेली. चंद्रमतीची होडी सुटायची वेळ झाली तरी चहा काही बाहेर आला नाही.