खानदानी शिंक

"हरलो तर हा कोट उलटा घालून भर रस्त्यानं चौकापर्यंत चालत जाईन!" कोटवाले काका सगळ्यांसमोर बोलून बसले आणि मी मनातल्या मनात टुणकन उडी मारली. मासा गळाला लागला होता.

पैज लागली होती शिंकेवर. हसा, खुशाल हसा. आम्हीही हसत होतो.

मी गेटशेजारी किल्ल्या बनवतो. त्यामुळे बिल्डिंगमधली कुलपं आणि भानगडी, दोन्हींची चावी माझ्याकडे असते. काकांचं चष्म्याचं दुकान माझ्या समोरच. आता ते त्यांची मुलगी चालवते, आणि काका पणजोबांचा कोट घालून बाहेर खुर्चीवर बसतात. त्या कोटाशिवाय ते दूध आणायलासुद्धा जात नाहीत. विषय कुठलाही काढा, गाडी फिरून खानदानावर येणार. आमचं कपाळ, आमची चाल, आमचा आवाज.

त्या दिवशी गाडी शिंकेवर आली. "आमची शिंकसुद्धा खानदानी आहे! पणजोबांपासून चालत आलीय. डोळे झाकून ओळखीन मी."

"काहीतरीच काय," मी म्हणालो. "शिंक ती शिंक."

"अरे किल्लीवाल्या, रक्त बोलतं त्यात, रक्त!"

हे रक्त नेमकं कुणाला टोचत होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुकानात आत बसून भिंगं घासणारा कारागीर मान खाली घालून ऐकत होता. अनाथाश्रमात वाढलेला, तिशीचा, सरळ माणूस. त्याचं आणि काकांच्या मुलीचं लग्न दोघांनी कधीच ठरवलंय. काका अडून बसलेत. "ज्याचा आजा कोण ते माहीत नाही, त्याला पोरगी देऊ?" शेवटी वैतागून त्यानं दुसऱ्या शहरात नोकरी धरली. सोमवारी निघणार होता. पोरगी म्हणे, पळून जाणार नाही, बाबांना एकटं टाकणार नाही. आणि रोज गिऱ्हाइकांना उलटेसुलटे चष्मे देत होती.

मला हे बघवत नव्हतं. आणि मला एक गोष्ट माहीत होती. ती सांगतो पुढं.

"मग लावा पैज," मी म्हणालो. "पडद्यामागं चार जण. एकच तुमच्या रक्ताचा. ओळखा."

"तू हरलास तर?"

"तर वर्षभर रोज सकाळी तुम्हाला वाकून नमस्कार, 'खानदानी साहेब' म्हणून."

काकांचे डोळे लकाकले. "पण माझी पोरगी पडद्यामागं नको. तिला मी लगेच ओळखीन, मग तू म्हणशील सोपं होतं. आणि हरलो तर... तूच सांग, काय लावू?"

मी नुसतं दुकानाकडे बघितलं. तेवढ्यात मुलगी तरातरा बाहेर आली. "मला पणाला लावायचं नाही हं, आधीच सांगते. कोट लावा."

आणि असा तो कोट पणाला लागला.

रविवारी सकाळी बिल्डिंगच्या अंगणात कपड्यांच्या दोरीवर चादर टाकली. पंच म्हणून शिवणवाल्या ताई, हातात मिरपुडीची डबी. चादरीमागं मी, वॉचमन, काकांचा सख्खा धाकटा भाऊ आणि भिंगवाला. भावाला मी गुपचूप बोलावून घेतलं होतं. भिंगवाल्याला मात्र काहीच सांगितलं नव्हतं. अंगणातला बल्ब बदलायचाय, एवढ्यावर तो आला होता, आणि हातात खरंच बल्ब घेऊन उभा होता.

काका समोर खुर्चीवर, कोटाची सगळी बटणं लावून. शेजारी मुलगी. मागं अख्खी बिल्डिंग.

ताईंनी डबी माझ्या नाकाखाली धरली. मी शिंकलो.

"हा किल्लीवाला. शिंकतानासुद्धा खोटं बोलतो."

लोक खिदळले. वॉचमन शिंकला तेव्हा दोन कबुतरं उडाली. "नाही. पुढचा."

मग धाकटा भाऊ. त्याची बायको झोपेची कच्ची. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यानं शिंक नाकातल्या नाकात दाबायची सवय लावून घेतली होती. चादरीमागून उंदीर चिरडल्यासारखा आवाज आला. "चिक्."

"शी!" काका म्हणाले. "हा कोण भाडोत्री धरून आणलास?"

भावानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

मग डबी भिंगवाल्याकडे गेली. "ताई, हे काय, बल्ब..." एवढंच बोलला तो बिचारा. मग आ... आ... आ... असा चढत गेला. वर जाऊन थांबला. गेली वाटतं शिंक, असं सगळ्यांना वाटलं, आणि धडाम्! वर शेवटी बारीकशी शिट्टी. फुईं.



काका उठून उभे राहिले. "हाच! अरे, आमचे वडील, अण्णा, अस्सेच शिंकायचे. ती शिट्टी... अण्णाच समोर उभे राहिले." चष्मा काढून डोळे पुसले त्यांनी. मलाही क्षणभर कसंसंच झालं. पण क्षणभरच. मी चादर ओढली.

हातात बल्ब, नाक लाल, भिंगवाला उभा.

"फसवणूक!" काका कडाडले. "शिकवून आणलाय ह्याला!"

"काका, मला पैज काय तेच माहीत ना... आ... आ..." आणि पुन्हा तीच. धडाम्, फुईं. कुणी डबीही धरली नव्हती.

आता ती गोष्ट. महिन्यापूर्वी काकांची खुर्ची रिकामी असताना दुकानातून शिंक ऐकू आली, आणि मी समोरून ओरडलो, "काय काका, सर्दी का?" तर दारातून ह्याचं डोकं बाहेर. सहा वर्षं हा आणि काकांची मुलगी एकाच टेबलावर काचेच्या धुळीत बसलेत. ती शिंकते बापासारखी, हा शिंकतो तिच्यासारखा. बाहेर बसलेले काका ती पोरीचीच समजायचे, आणि त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

"आणि दादा," धाकटा भाऊ पुढं येत म्हणाला, "भाडोत्री मी होतो."

एवढं हसणं ह्या अंगणानं कधी ऐकलं नव्हतं. मुलगी फक्त वडिलांकडे बघत होती.

काकांनी एकेक बटण सोडलं. कोट काढला, उलटा केला, घातला. आतलं अस्तर बाहेर आलं आणि ताई किंचाळल्या, "अहो, हे तर काकूंच्या जुन्या पडद्याचं कापड! मीच शिवलं होतं!" हिरव्या पडद्यावरची पिवळी बदकं काकांच्या पाठीवर ओळीनं चालली होती.

"हरलो तर हरलो," काका म्हणाले आणि गेटकडे निघाले. तिथं थांबून वळले. "ए भिंगवाल्या! शिंक घेतलीस ना आमची? मग फजिती एकट्याची नाही होणार. शर्ट उलटा कर आणि चल बरोबर."

त्यानं बल्ब माझ्या हातात कोंबला आणि तिथंच शर्ट उलटा केला. दोघं रस्त्याला लागले. मागं मुलगी, तिच्यामागं आम्ही सगळे. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, गॅलऱ्यांतून माणसं वाकत होती. चौकात कुणीतरी रस्ता झाडत होतं. धूळ उडाली आणि दोघं एकदमच चढायला लागले. आ... आ... आ... धडाम्! फुईं. फुईं.

फळवाला हातातला तराजू ठेवून बघतच राहिला. "मुलगा वाटतं, काका? शिंक अगदी तुमचीच."

"शिंकेवरून काही ठरवू नकोस बाबा," काका नाक पुसत म्हणाले. "त्यातच हरून आलोय आत्ता. जावई आहे."